होडी, दोन तारा आणि एक कुकारो

२ डिसेंबर २०२४

कच्चं संकलन आलं. ३८ मिनिटांचा माहितीपट आहे, त्याचं संगीत मी करतोय. आचऱ्याजवळच्या एका खाडीवर चाळीस वर्षं तर (या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी होडी) चालवणारे आबा, मग तिथे झालेला पूल, मग माडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होडी. दिग्दर्शिका माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. संकलन करताना लय सापडावी म्हणून तिने खाली व्हायोलिनचा एक तुकडा लावून ठेवलाय. तो बंद करून पुन्हा पाहिलं आणि चित्र एकदम मोकळं झालं. व्हायोलिन सुरू झालं की बघणाऱ्याला कळतं, आता वाईट वाटून घ्यायचं. आबांचा चेहरा तसं काही सांगत नाही. ते होडीकडे बघतात, बस.

फोनवर तिला सांगितलं, सतार, बासरी, व्हायोलिन, पियानो यातलं काहीही वापरणार नाही. ती म्हणाली, "मग काय वल्हं वाजवणार आहेस?"

वल्ह्यापासूनच सुरुवात करतोय.

७ डिसेंबर

आत्याकडे मुक्काम. सामान: दोन कंडेन्सर माइक, वाऱ्यासाठी त्यांना लोकरी टोपडी, लाकडाला चिकटवून त्याची थरथर टिपणारे दोन पिएझो माइक, पाण्यात सोडायचा एक हायड्रोफोन. रेकॉर्डर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर लावलाय. सिनेमाला शेवटी ४८ पुरतं, पण ९६ वर घेतलेला आवाज निम्म्या वेगाने वाजवला तर तो सप्तकभर खाली उतरतो आणि तरी त्याची वरची धार जात नाही. जुनं लाकूड कण्हतं त्यात किती आवाज असतात ते असं हळू केल्यावर कळतं.

आज घेतलेलं: शेजारच्या आगरातला रहाट (पंप बंद पडलाय म्हणून सध्या फिरतोय), मुसळ, माडाच्या झापांतला वारा, तिसऱ्यांच्या शिंपल्या टोपात ओतताना, आत्या नारळ खोवताना. शिवाय कोकमाच्या आगळाच्या तेरा रिकाम्या बाटल्या. बाटलीत पाणी वाढलं की आतली हवा कमी होते आणि फुंकल्यावर स्वर चढतो. तेरा बाटल्यांत एक अख्खं सप्तक बसलं, कोमल-तीव्र स्वरांसकट.

आत्याला सांगितलं की 'शोले'मधल्या 'मेहबूबा मेहबूबा'च्या सुरुवातीला असाच बाटलीत फुंकलेला आवाज आहे. तिने ते गाणं १९७५ पासून ऐकलंय, पण हे तिला माहीत नव्हतं. लगेच एक बाटली तोंडाला लावून पाहिली. राहुलदेव बर्मन यांच्याकडे हे फार होतं. 'चुरा लिया है तुमने'च्या आरंभी काचेच्या ग्लासावर चमचा वाजतो आणि तो 'टिंग' वजा केला तर गाणं सुरू झाल्यासारखंच वाटत नाही. या माणसाने घरातल्या वस्तूंचा नाद ऐकला, तो स्वरात बसवला आणि कोट्यवधी लोकांनी तो संगीत म्हणून मान्य केला. मला त्याचं मनापासून अप्रूप आहे.

१५ डिसेंबर

पौर्णिमा. दुपारच्या भरतीला हायड्रोफोन धक्क्यावरून सोडला. वरून पाणी अगदी गप्प, आणि खाली कढईत मोहरी तडतडावी तसा अखंड आवाज. कोळंबीच्या जातीतला एक बारका जीव असतो. त्याची मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळताना हा टचकारा उडतो. हजारो एकदम.

आबा शेजारी येऊन उभे होते. त्यांच्या कानांना हेडफोन लावला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यां चाळीस वर्सां माज्या पायाखाली होतां?"

हे वाक्य चित्रपटात नाही. असायला हवं होतं. दिग्दर्शिकेला कळवलंय.

२१ डिसेंबर

रात्रभर दशावतार बघितला. पेटी, मृदंग, झांज. एवढ्यावर देव, दानव, युद्ध, राजदरबार, रडणारी राणी सगळं पहाटेपर्यंत उभं राहतं. मृदंगवाला नटाच्या पायांवरून नजर हटवत नाही. नट वळला की थाप बदलते. वादकाने वाद्याकडे न बघता पात्राकडे बघायचं, हे मला यातून घेऊन जायचं आहे.

२८ डिसेंबर

मैत्रीण दोन दिवसांसाठी आली. तिच्या मनात एक शंका होती आणि ती रास्त आहे. म्हणाली, "लोक वाद्याकडेच बघतील. हे काय वाजतंय, यातच त्यांचं लक्ष जाईल, आणि आबा बाजूला राहतील."

ओटीवर लॅपटॉप ठेवून तिला रात्री काही प्रसंग ऐकवले. बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढे अडलो की मलाच लागणार आहे.

आधी तिच्या बाजूचा दाखला. थेरेमिन. हात न लावता हवेत हलवून वाजवायचं विजेवरचं वाद्य. मिक्लोश रोझा यांनी १९४५ मध्ये 'स्पेलबाउंड' आणि 'द लॉस्ट वीकेंड' या दोन्ही चित्रपटांत ते वापरलं. एकात मनावरचा आघात, दुसऱ्यात दारूची ओढ. ऐकणाऱ्याला आतून पोखरणारा आवाज होता तो. १९५१ मध्ये बर्नार्ड हरमन यांनी परग्रहावरून आलेल्या पाहुण्याच्या चित्रपटात दोन थेरेमिन घेतले आणि तेही उत्तम केलं. पण त्यानंतर तो आवाज उडत्या तबकडीची पाटी होऊन बसला. नवेपणा झिजतो. नुसतं नवेपणावर उभं राहिलेलं संगीत त्याच्याबरोबर झिजतं.

मग झिथर. 'द थर्ड मॅन', १९४९. व्हिएन्नात चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक कॅरोल रीड यांनी अँटोन कारास यांना ऐकलं. कारास वाइन पिण्याच्या साध्या ठिकाणी झिथर वाजवून पोट भरणारे वादक. रीड यांनी सगळं पार्श्वसंगीत त्या एका वाद्यावर सोपवलं. महायुद्धाने फोडलेलं शहर, भेसळ केलेलं पेनिसिलिन, त्याने मेलेली मुलं, आणि खाली हे खेळकर, खट्याळ तारवाद्य. मैत्रीण म्हणाली, "हे चुकीचं वाटायला हवं ना?" हवं. वाटत नाही, कारण तो आवाज त्या शहराचाच आहे. शहराने खून पाहिलेत, आणि संध्याकाळी तिथे झिथर वाजतंच. सुरुवातीला नावं येतात तेव्हा पडद्यावर फक्त झिथरच्या तारा दिसतात. वाद्य लपवलेलं नाही, उलट आधीच समोर ठेवलंय. तरी पुढे आपण तारा विसरतो आणि माणसं बघतो.

'नागिन' (१९५४) तिला मुद्दाम ऐकवलं. ती बीन आहे असं तिला आजवर वाटत होतं. हेमंतकुमार यांच्या त्या संगीतात पुंगीची जी धून गावोगावच्या नागपंचमीला वाजते, ती क्लाव्हियोलिन नावाच्या विजेवरच्या छोट्या वाद्यावर वाजवली होती, आणि वाजवणारे होते कल्याणजी, पुढे कल्याणजी-आनंदजी झाले ते. म्हणजे अस्सल वाद्यच पाहिजे, असा हट्टही खरा नव्हे. पुंगीला जे करता आलं नसतं ते पुंगीच्या नावाने दुसऱ्या यंत्राने केलं.

आणि आपले वसंत देसाई. कुडाळजवळच्या सोनवड्याचा माणूस. 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (१९५५) त्यांनी एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतासाठी संतूर घेतलं, आणि वाजवणारे शिवकुमार शर्मा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. संतूर तोवर काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतलं, काश्मीरबाहेर फारसं कुणी न ऐकलेलं वाद्य. आज संतूर ओळखीचं झालंय, त्यामुळे १९५५ मध्ये थिएटरात बसलेल्या माणसाला तो शंभर तारांचा शिडकावा कसा लागला असेल, हे आपल्याला नीट कळणारच नाही. मला ते फार हवंसं वाटतं, तो पहिला क्षण. कानाकडे त्या आवाजासाठी तयार उत्तर नाही, म्हणून डोळा चित्राकडे अधिक आसुसून वळतो.

शेवटी 'पथेर पांचाली'. हा प्रसंग मी शंभरदा पाहिला असेल. हरिहर परगावाहून घरी येतो. मुलगी दुर्गा गेली हे त्याला माहीत नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती साडी दातात धरते, कोसळते, तोंड उघडते, आणि आपल्याला तिचं रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई आहे. इसराजला फोनोग्राफसारखा कर्णा जोडलेलं वाद्य, राग पटदीप, वरच्या सप्तकात चिरत गेलेलं. रविशंकर यांचं संगीत, वाजवणारे दक्षिणामोहन टागोर. नटीचा खरा हंबरडा ठेवला असता तर तो एका बाईचा राहिला असता. आणि सतार घेतली असती तर ती सतार राहिली असती. तारशहनाई माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ आहे आणि तरी गळा नाही, त्या फटीत ऐकणाऱ्याचं स्वतःचं रडणं शिरतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे असा प्रसंग आहे. सत्ताविसाव्या मिनिटाला."

हो. त्याच्याबद्दल लिहायचं आहे, पण आज नाही.

४ जानेवारी २०२५

एका आरतीमंडळाकडून घुमट आणलं. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत-सोडत आवाज वळवायचा. पूर्वी याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित झाली, आता शेळीचं लावतात. वाजवणारे काका म्हणाले, पूर्वीचा आवाज जास्त खणखणीत होता, पण घोरपड मारून आरती कशाला करायची? पटलं.

घुमट सुंदर आहे, पण आपल्या चित्रपटात नको. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाला ते ऐकताच चतुर्थी आठवते. तिथे कानाकडे उत्तर तयार आहे.

१३ जानेवारी

एकसष्ट आवाज जमलेत. त्यांतून बारा मिनिटांचं संगीत रचून पाठवलं. मैत्रिणीचं उत्तर आलं: "प्रत्येक आवाज चांगला आहे. पण हे संग्रहालय झालं."

दिवसभर ऐकलं. तिचं बरोबर आहे. रहाट आला की मी रहाट दाखवतोय, बाटल्या आल्या की बाटल्या. दशावतारातून आणायचं ठरवलं होतं ते मी आणलंच नाही, वाद्याकडे बघत बसलो. बाटल्या, शिंपल्या, मुसळ, विळी सगळं काढलं. रहाट एका जागी ठेवलाय, जिथे दूरवर तो खरोखर दिसतो. पाण्याखालची तडतड ठेवलीय.

१९ जानेवारी

होडीपाशी गेलो. सोळा फूट. ओंडक्यांवर सरळ ठेवलेली, वर झापांचं छप्पर. पिएझो चिकटवून बोटाने टिचकी मारली आणि हेडफोनमध्ये देवळाच्या गाभाऱ्यात काहीतरी पडल्यासारखं वाजलं. फळ्या फणसाच्या आहेत. दक्षिणेत वीणेला आणि मृदंगमला फणसाचंच लाकूड घेतात. दोन महिने वाद्य शोधत हिंडलो ते इथे कोरडं पडून होतं.

आबांना विचारलं, हिला तारा लावू का? नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या आडव्या फळीपर्यंत. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली.

"तिका भोक पाडूचा नाय. ती अजून मेली नाय."

खिळा नाही, स्क्रू नाही. नाळेला बांधायची लोखंडी कडी आधीपासून आहे. मागच्या फळीला, शेवटची काही वर्षं मोटर बसवली होती तिचे बोल्ट जायचे ती दोन भोकं आहेत. म्हणजे दोनच तारा. ठीक, दोन.

२६ जानेवारी

चौदा फुटी पोलादी तार ताणून कॉन्ट्राबासच्या जुन्या गजाने वाजवली. घुर्रर्र, खोल, मळकट. वाईट नाही, पण असं खूप ऐकलंय. होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून वर राळ देतात, तीच राळ गजाला लावून पाहावी असा मोह झाला; राळेनेच पाणी बाहेर ठेवलं आणि राळेनेच आवाज काढायचा, हे मनाला भावलं होतं. जमलं नाही. ती तेलात मळलेली, केस एकमेकांना चिकटले. गजाची राळ पाइनच्या झाडाची असते, कडक आणि कोरडी. तिच्यावर परत आलो.

संध्याकाळी आवरताना राळेचं फडकं हातात होतं, त्याने सहज तार लांबीच्या दिशेने पुसली. होडी ओरडली. दुसरा शब्द नाही. उंच, स्वच्छ, लांबच्या लांब हाक. आत्या आगरातून धावत आली.

२७ जानेवारी

रात्रभर झोप नाही. आता समजलंय काय झालं ते.

गज आडवा फिरवला की तार आडवी थरथरते. तो स्वर लांबी, जाडी आणि ताण यांवर ठरतो. ताण चौपट केला तर स्वर सप्तकभर चढतो. पण राळेच्या बोटांनी तार लांबीच्या दिशेने घासली की तार आडवी हलतच नाही. दाबाची लाट तारेच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते आणि परत येते. पोलादात ती सेकंदाला सुमारे ५,००० मीटर पळते. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर, जाऊन-येऊन ८.५४. भागाकार ५८५, म्हणजे सेकंदाला ५८५ कंपनं. ट्यूनरही तेवढ्याच आसपास दाखवतो: पेटीवरची पांढरी दोन, वरच्या सप्तकातली. आणि गंमत अशी की ताण कितीही वाढवला तरी हा स्वर जवळजवळ हलत नाही. तो फक्त तारेच्या लांबीचा आणि धातूचा आहे. सोळा फुटी होडीला जो स्वर मिळायचा तो मिळाला, मी तो निवडलेला नाही. अमेरिकन संगीतकार एलन फुलमन १९८० च्या दशकापासून याच तत्त्वावर फार लांब तारा चालत चालत घासून वाजवतात. त्यांचं काम मी ऐकलं होतं, पण होडीशी कधी जोडलं नव्हतं.

दुसरी तार पितळेची लावतोय. पितळेत लाट हळू जाते, सेकंदाला साधारण ३,५०० मीटर, म्हणून तेवढ्याच लांबीला स्वर खाली येईल.

२ फेब्रुवारी

पितळेचा स्वर ४१० च्या जवळ आला, म्हणजे पोलादाचा सा धरला तर तो मंद्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली कुठेतरी लोंबकळत होता. तार आखडती घ्यायला हवी. नाळेच्या बाजूने लाकडी शिकंज्यात धरली आणि हलू नये म्हणून त्यावर आत्याचा वरवंटा बांधला. तेरा फुटांवर आल्यावर स्वर ४४० च्या आसपास बसला. मंद्र पंचम.

सा आणि खालचा प. दोनच स्वर. अंगठा आणि दोन बोटांत तार धरून चालायचं, होडीच्या एका बाजूने उलट पावली. हळू चाललो तर स्वर धरतो, घाई केली तर फाटतो. बोटं कोरडी हवीत. सकाळी दमट हवेत राळ धरत नाही, दुपारी बारा ते चार हीच वेळ. एका हाकेला सात ते नऊ पावलं. सहाव्या पावलाला आवाज थोडा घोगरा होतो कारण तिथे तारेला जुना बाक आहे. तार बदलणार नाही.

१२ फेब्रुवारी

सत्ताविसावं मिनिट.

पूल नव्हता तेव्हा पलाडच्या, म्हणजे पलीकडच्या काठावर येऊन लोक कुकारो घालायचे. हाताचा कर्णा करून लांब 'कूऽऽ'. आबा अलाडहून उत्तर द्यायचे, आणि पहिला प्रश्न हाच, किती जण आहेत. एकच असेल तर आणखी कुणी येईपर्यंत थोडं थांबायचं, चार-पाच असतील तर लगेच होडी सोडायची. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर कुकाऱ्यावरूनच कळायचं, तेव्हा विचारायचं नाही.

चित्रीकरणात मैत्रिणीने त्यांना म्हटलं, आबा, एक कुकारो घालून दाखवा ना. ते काठावर गेले. हात तोंडाशी नेले. छाती भरून घेतली. आणि हात खाली आणले. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "पलाड कोण आसा?"

त्यानंतर अकरा सेकंद ते उभे आहेत. तिथे ते व्हायोलिन होतं.

आज तिथे पोलादी तारेची एक हाक ठेवली. फक्त सा. त्यांच्या वाक्याआधी नाही, नंतर, चौथ्या सेकंदाला. आधी ठेवली तर ती त्यांच्या गळ्याची नक्कल होते. नंतर ठेवली तर कुणीतरी आहे असं वाटतं. मैत्रिणीला पाठवली. तिचा फोन आला, पण बराच वेळ ती बोललीच नाही.

१८ फेब्रुवारी

बाकीची रचना आता आपोआप सुचतेय. सुरुवातीला पाण्याखालची तडतड, पुलाच्या दृश्यात काहीच नाही, होडी ओंडक्यांवर चढवतानाच्या जुन्या फोटोंवर पितळेचा प, फार हळू, निम्म्या वेगाने म्हणजे आणखी सप्तकभर खाली. सा एकदाच. एकूण संगीत नऊ मिनिटं. उरलेली एकोणतीस मिनिटं नुसता परिसर. आचऱ्याला गावपळणीत अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जातो. ती शांतता ज्याने अनुभवलीय त्याला वेगळं सांगावं लागत नाही की शांततेलाही पोत असतो. पुलाखाली मी तोच शोधत होतो. पुलावरून जाणाऱ्या दुचाकीचा आवाज पुसावा असं एका क्षणी वाटलं. पुसला नाही, तीच माणसं आहेत ती, जी पूर्वी कुकारो घालायची.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कुणकेश्वरची जत्रा, सगळ्या रस्त्यांवर गाड्या आणि कर्णे. ध्वनिमुद्रण बंद.

१६ मार्च

शिमगा चालू आहे. ढोल-ताशांत खाडी बुडाली आहे. पालखीमागे नाचून आलो, बोटांवर राळेचे फोड आहेत त्यांना विश्रांती.

२२ मार्च

आबांना पूर्ण चित्रपट दाखवला. आत्याच्या ओटीवर, दोन चांगले स्पीकर लावून. सत्ताविसाव्या मिनिटाला ते पुढे सरकले. हाक ऐकली. संपल्यावर पहिलं बोलले ते हेच:

"आवाज बरोबर आसा. पण ह्यो हयसून घातल्लो. कुकारो पलाडसून येता, पाण्यावरसून."

मी होडीच्या फळीला माइक चिकटवून आवाज घेतला होता. कानाजवळचा, गरम, भरलेला. त्यांच्या आयुष्यात कुकारो कधीच असा आला नाही. तो पातळ होऊन, अर्धा वारा खाऊन, पाणी चाटत आला. संगणकात प्रतिध्वनी घालून दूर नेता येईल, पण ज्याने चाळीस वर्षं तो ऐकलाय त्याच्यापुढे ते टिकणार नाही.

ध्वनिसंकलक वॉल्टर मर्च यांनी 'अमेरिकन ग्रॅफिटी'साठी (१९७३) गाणी मोकळ्या जागेत स्पीकरवर वाजवून, लांबून पुन्हा मुद्रित केली होती, म्हणजे जागेचा स्वभाव आवाजात उतरेल. आपण तेच करायचं. जागा आपल्याकडे आहेच.

२८ मार्च, रात्र

उद्या अमावस्या. बाराच्या सुमारास भरती, पाणी काठोकाठ, वारा पडलेला. रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि पाण्याला धरून लांब जातो. आबा म्हणाले, कुकारो दिवसापेक्षा रात्री जास्त ऐकू यायचा, ते यामुळे.

मैत्रीण स्पीकर घेऊन पुलावरून पलाडच्या जुन्या धक्क्यावर गेली. मी दोन माइक घेऊन अलाडला, आबांच्या खोपीपाशी, जिथे ते बसायचे तिथेच. खाडी इथे साधारण तीनशे मीटर रुंद आहे. आवाजाला यायला पाऊण सेकंदाहून थोडं अधिक लागतं. आबा येणार नव्हते. अकरा वाजता काठी टेकत आले, खोपीच्या दगडावर बसले, आणि मी सांगायच्या आधीच बिडी विझवली.

पहिले तीन कुकारे पातळी जुळवण्यात गेले. चौथ्याला पुलावर ट्रक. पाचवा स्वच्छ आला, पण फार मोठा. मैत्रिणीला फोनवर सांगितलं, निम्मा कर, आणि स्पीकर पाण्याकडे खाली झुकव. सहावा चांगला. सातवा आला तेव्हा मला पहिल्यांदा तार आठवली नाही. सहाव्या पावलाचा घोगरेपणा होता तो पाण्यावरून येताना श्वास घेतल्यासारखा झाला होता.

हेडफोनमध्ये सातव्याची शेपूट विरत होती. डाव्या माइकवर कपड्यांची खसखस. आबा उठून उभे राहिले होते, काठी दगडालाच टेकलेली, दोन्ही हात तोंडाशी. कुकारो घातला नाही. पाण्याकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"कितके जण आसत?"

मी रेकॉर्डर थांबवला नाही. पलाडहून आठवी हाक आली, मैत्रिणीला काही माहीत नव्हतं. आबा ऐकत राहिले. मग खाली बसले.

५ एप्रिल

अंतिम मिश्रण दिलं. सत्ताविसाव्या मिनिटाला सातवी हाक, चौथ्या सेकंदाला. तिच्या शेवटी आबांचा प्रश्न तसाच ठेवलाय, पडदा काळा झाल्यावर. पातळी वाढवली नाही, कपड्यांची खसखसही काढली नाही. दोन्ही तारा सोडून गुंडाळून खोपीत टांगल्या, वरवंटा धुऊन आत्याला परत दिला. मागच्या फळीची दोन भोकं आबांनी लाकडी खुंट्या ठोकून बुजवली आणि वर राळ दिली.